उड्डाण होताच क्षेपणास्त्र रोखता येईल काय?

आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे इंजिन धगधगत असते तोवर ते स्पष्ट दिसते. फसवे फुगे सोडण्याची संधीही त्याला मिळालेली नसते. म्हणूनच प्रक्षेपणस्थळाजवळ जमिनीवर रोधक अस्त्रे सज्ज ठेवावीत, ही कल्पना आकर्षक वाटते. अडचण आहे ती वेळेची. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अभ्यासगटाने २००३ मध्ये तिचा हिशेब मांडला. द्रव इंधनाचे इंजिन सुमारे चार मिनिटे चालते, घन इंधनाचे जेमतेम तीन. त्यातील जवळजवळ एक मिनिट उड्डाण हेरून त्याची दिशा ओळखण्यातच खर्ची पडते. उरलेल्या वेळात रोधकाने शेकडो किलोमीटर अंतर कापावयाचे! घन इंधनाच्या अस्त्राबाबत तर रोधक कोठेही ठेवले तरी ते व्यवहार्य ठरणे कठीण, असे गटाचे मत पडले. उत्तर कोरिया लहान व समुद्रालगत असल्याने तेथे थोडा वाव आहे. विस्तीर्ण इराणसाठी मात्र शेजारी राष्ट्रांची भूमी हवी, आणि ती देणार कोण? शिवाय नेम साधला तरी अण्वस्त्र शाबूत राहून वाटेतील तिसऱ्याच देशावर कोसळू शकते. अमेरिकेने या कामासाठी हाती घेतलेला वेगवान रोधकाचा प्रकल्प २००९ मध्ये बंद केला.