वऱ्हाडच्या अंगणात महिंद्राची नवी मुद्रा

वऱ्हाडातल्या सधन कास्तकाराच्या वाड्यात आज एकाच कारखानदाराच्या दोन निरनिराळ्या मुद्रा नांदू लागल्या आहेत : गोठ्यालगतच्या ट्रॅक्टरवर महिंद्राचे जुने, लंबवर्तुळातले चिन्ह, आणि अमरावतीस स्थायिक झालेल्या मुलाने ज्या विद्युत मोटारीची चौकशी चालविली आहे तिच्या अग्रभागी दोन शिखरांचे, अनंताच्या चिन्हाचा भास देणारे नवे. ही फारकत अपघाताने झालेली नाही. 2021 मध्ये एक्सयूव्ही700 या मोटारीबरोबर दोन शिखरांचे चिन्ह स्वीकारताना, मालवाहू वाहने आणि शेतीची यंत्रे जुन्याच चिन्हाखाली राहतील, असे कंपनीने ठरवून टाकले होते. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये, 19.95 लाख रुपयांच्या आरंभीच्या किमतीस, तिने एक्सईव्ही 9एस ही सात आसनी विद्युत मोटार बाजारात आणली, तेव्हा जुन्या मुद्रेपासूनचे हे अंतर आणखी वाढले.

2 ऑक्टोबर 1945 रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या या पेढीचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, 1948 मध्ये पेढीचे नाव बदलले, आणि दरम्यान 1947 पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. या जीपच्या वंशातील कमांडर आणि पुढे बोलेरो यांनी वऱ्हाडात जो लौकिक मिळविला तो जाहिरातींचा नव्हे. परतवाड्याहून धारणीच्या वाटेला लागलेली, आत माणसे आणि टपावर पोती, सायकली, क्वचित कोंबड्यांची खुराडी घेतलेली काळी-पिवळी घाटात बंद पडली, तरी रस्त्याकडेच्या मिस्त्रीने पाना, तार आणि जुन्या गाडीतून काढलेला कमानपाटा यांच्या बळावर ती सूर्यास्तापूर्वी चालती करावी, ही त्या लौकिकाची खरी सनद होती. दुरुस्तीची विद्या तालुक्याच्या गावी कोणासही अवगत होऊ शकते, या विश्वासावर लोकांनी तीन पिढ्या या गाडीस पैसा मोजला.

नव्या मोटारीत हा विश्वास कोठे ठेवावयाचा, हा माझ्या मते तिच्या परीक्षणातला मुख्य प्रश्न आहे. 2010 मध्ये बंगळूरच्या रेवा कंपनीची मालकी घेऊन महिंद्राने विद्युत मोटारींचा मार्ग धरला, तरी आरंभीच्या छोट्या गाड्यांनी बाजार काबीज केला नाही. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या आजच्या गाड्यांची जातच वेगळी आहे. त्यांना अक्षरे आणि अंक यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी एका नावावरून इंडिगो विमान कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर, डिसेंबर 2024 मध्ये ‘बीई 6ई’चे ‘बीई 6’ करावे लागले. बोलेरो हे नाव निरक्षर गिऱ्हाइकाच्याही जिभेवर रुळले होते. या आद्याक्षरांना ती आपुलकी लाभेल असे मला वाटत नाही.

गाडी म्हणून मात्र एक्सईव्ही 9एसचा पक्ष बळकट आहे. 59, 70 आणि 79 युनिटांच्या तीन बॅटऱ्यांपैकी कोणतीही घेतली आणि महामार्गावर एका युनिटास पाच-सहा किलोमीटर असा सावध हिशोब धरला, तरी अमरावती ते अकोला ही सुमारे शंभर किलोमीटरची वाट जाऊन-येऊन सहज निभते. त्यातूनही जून 2022 मध्ये लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटरच्या एकपदरी पट्ट्याचे 105 तास 33 मिनिटांत डांबरीकरण होऊन गिनीजमध्ये नोंदविला गेलेला हाच तो रस्ता. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपुढे जातो, तेव्हा वातानुकूलन तासाला दीड-दोन युनिटे खाईल, म्हणजे दर तासामागे आठ ते बारा किलोमीटरांची तूट पडेल. शिवाय लोह-फॉस्फेट जातीच्या या बॅटरीचे रसायन उष्णता इतर जातींहून बरे सोसते. चिखलदऱ्याचा घाट पाहा : माणसांसकट अडीच टनांची गाडी परतवाड्यापासून सुमारे सातशे मीटर वर नेण्यास निव्वळ उंचीपोटी जवळपास पाच युनिटे लागतात, आणि उतरताना मोटार जनित्राचे काम करून त्यांतला मोठा हिस्सा परत जमा करते. डिझेलच्या गाडीत तीच शक्ती ब्रेक तापविण्यात वाया जात असे. दरवर्षी कुटुंबासह चिखलदऱ्यास जाणाऱ्या अमरावतीकरास ही गोष्ट पटावयास वेळ लागणार नाही.

अडचणी आहेत त्या अंगणात आणि पांदणीत. 7.2 किलोवॅटच्या घरगुती चार्जरने 70 युनिटांची बॅटरी भरण्यास दहा तास लागतात, आणि ज्या घराचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅटांचा आहे, त्यास प्रथम महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करणे प्राप्त आहे. श्रावणात काळ्या मातीच्या पांदणीत केवळ मागची चाके फिरविणारी ही जड गाडी घालण्याचा मोह कोणी धरू नये. वावरात ट्रॅक्टरच जावा.

म्हणून माझा अभिप्राय असा, की अमरावती किंवा अकोला शहरात स्वतःचे अंगण आणि स्वतःचा मीटर असलेल्या, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यापर्यंत जाणाऱ्या एकत्र कुटुंबाने ही गाडी निःशंक घ्यावी. दर्यापुरास किंवा धारणीस राहणाऱ्या, हिच्यावाचून दुसरे वाहन नसणाऱ्या कुटुंबाने तूर्त थांबावे. बिघाड झाल्यास तिथला मिस्त्री तिच्या संगणकापुढे निरुपाय आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. ट्रॅक्टरच्या निमित्ताने कंपनीचे विक्रेते तालुक्यांच्या गावी पूर्वीपासून बसलेले आहेत. जुन्या चिन्हाच्या त्या दुकानांत नव्या चिन्हाच्या गाडीची तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती करणारा, उच्च दाबाच्या विजेचे रीतसर शिक्षण घेतलेला एक तरी कारागीर नेमण्याची तजवीज कंपनीने करावी. तोवर नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी गिऱ्हाइकाने दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी मागून घ्याव्यात : गाडी रस्त्यात उभी राहिल्यास ती कोठल्या कार्यशाळेत, किती वेळात आणि कोणाच्या खर्चाने नेली जाईल, आणि बॅटरीची हमी मालकी बदलल्यावर किती वर्षे व किती किलोमीटर उरेल.