विश्लेषण : साधी चरबीची गाठ की सार्कोमा? काढून टाकण्याची घाई का नडते?

मांडीवर किंवा दंडावर गाठ येते. दुखत नाही. ‘चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासात काढून टाकू,’ असे डॉक्टर सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. पण क्वचित गाठ काढल्यानंतर पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘सार्कोमा’ हा शब्द येतो आणि उपचारांचा क्रमच उलटा झाल्याचे लक्षात येते.

सार्कोमा म्हणजे काय?

चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंचे आवरण अशा मऊ ऊतींमध्ये होणारा हा कर्करोग. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम १ टक्का, प्रकार मात्र ५०हून अधिक. त्यामुळे अनुभवी सर्जनच्याही हाताखालून असे रुग्ण मोजकेच जातात. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल, स्नायूत खोल असेल किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर संशय घ्यायलाच हवा. दुखत नाही, हा दिलासा नव्हे.

आधी काढली तर काय बिघडते?

या गाठीभोवती आवरण असल्यासारखे दिसते. ते खरे आवरण नसते. गाठीने दाबलेल्या ऊतींचा तो थर असतो आणि त्यात कर्करोगाच्या पेशी असू शकतात. शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ सोलून काढली, की या पेशी मागे राहतात. रक्तस्रावाबरोबर आजूबाजूलाही पसरतात. हातापायावर आडवा छेद घेतला असेल तर पुढची शस्त्रक्रिया आणखी मोठी होते. परदेशी डॉक्टरांनी अशा शस्त्रक्रियेला ‘व्हूप्स’, म्हणजे ‘अरेच्चा’, असे नाव दिले आहे. रुग्णासाठी त्यात गंमत काहीच नाही.

मग योग्य क्रम कोणता?

आधी एमआरआय, मग जाड सुईने बायोप्सी. बारीक सुईच्या तपासणीत मिळणाऱ्या सुट्या पेशींवरून प्रकार ठरवणे अनेकदा कठीण जाते. सुई कुठून घालायची, हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी बोलूनच ठरवावे, कारण सुईचा मार्गही सहसा गाठीसोबत काढला जातो. हा आजार पसरला तर बहुधा आधी फुप्फुसांत, म्हणून छातीचा सीटी स्कॅनही करतात.

हात किंवा पाय कापावाच लागतो का?

बहुतेकांना नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ जणांचा अवयव कापला, २७ जणांचा वाचवून रेडिएशन दिले. दुसऱ्या गटात चौघांची गाठ त्याच जागी परतली, तरी जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. आज गाठीभोवतीच्या निरोगी ऊतींसह ती अखंड काढतात आणि गरजेनुसार आधी किंवा नंतर रेडिएशन देतात.

गाठ आधीच काढली असेल तर?

रुग्णालयातून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, शस्त्रक्रियेची नोंद व जुने स्कॅन जपून ठेवा आणि जखम भरण्याची वाट न पाहता परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, सार्कोमाचे उपचार करणाऱ्या केंद्रात दाखवा.