कानामागून आली…

या आठवड्यात हेडसेटच्या माइकवर लिहायचं ठरलं होतं. माइक थांबेल. मागे या सदरात ५० मिलिमीटरच्या ड्रायव्हरचं, म्हणजे हेडसेटमधल्या स्पीकरचं, भूत उतरवल्यावर जी पत्रं आली, त्यांत रत्नागिरीच्या एका बाईंचं पत्र होतं, आणि गेले दोन दिवस मी त्या पत्रातच अडकलोय.

मुलगा झोपला की रात्री दहानंतर त्या हेडसेट चढवून दोन-अडीच तास व्हॅलोरंट हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम खेळतात. तासाभरात कानाच्या वर, चष्म्याच्या काडीखाली ठणका लागतो. ही तक्रार जुनीच. पण पुढे त्या लिहितात : ‘चष्मा काढला की आवाज एकदम भरून येतो. पण मग शत्रू दिसत नाही. हेडसेट बिघडलाय की माझे कान?’

बाई, दोन्ही शाबूत आहेत. चोर तिसराच आहे. कानामागून आलेली ती काडीच तिखट झालीय.

हेडबँड म्हणजे मुळात स्प्रिंग. तिचा दाब कानावरच्या गादीच्या अख्ख्या वर्तुळावर वाटला गेला तर डोक्याला पत्ता लागत नाही. मधे काडी आली की त्यातला बराचसा दाब एका चिंचोळ्या पट्टीवर येतो. तिथे कातडी पातळ, आणि खाली लगेच हाड. ठणका लागणारच.

आवाजाचं गणित वेगळं. बंद पाठीच्या हेडसेटमध्ये ड्रायव्हर, गादी आणि कान मिळून हवेची एक चिमुकली खोली तयार होते. ड्रायव्हर पुढे सरकला की खोलीतल्या हवेवर दाब येतो आणि तो कानाला कळतो. काडीने गादी उचलली की खोलीला फट पडते. सायकलच्या पंपाचा वॉशर झिजला की कसं होतं, आठवा : दट्ट्या सावकाश दाबला तर हवा बाजूने फुस्स, सपकन मारला तर थोडी तरी ट्यूबमध्ये जाते. खर्जाचे सूर म्हणजे सावकाश दट्ट्या. हवेला फटीतून पळायला भरपूर वेळ मिळतो. वरच्या पट्टीतले सूर इतक्या झपाट्याने येतात-जातात की फट त्यांचं फारसं बिघडवत नाही. म्हणून आवाज बंद होत नाही, नुसता पोकळ होतो. स्फोटाचा तडाखा ऐकू येतो, गडगडाट गायब.

मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. खरी काळजी इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या कानाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा : ८३ ला २० तास, ८६ ला १०. हरवलेला खर्ज शोधायला चढवलेला आवाज कानाच्या शिलकीतून वळता होतो.

आता उपाय. आधी फट आहे का ते बघा. गडगडाट असलेलं काहीतरी लावा, आणि चष्म्यासकट दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबा. खर्ज वाढला तर फट आहे. मग चष्मा जरा वर उचला. काडी कानामागे न अडकता गादीच्या वरच्या कडेवर टेकली तर बऱ्याच जणांचा निम्मा त्रास जातो. खेळायला पातळ, सपाट काड्यांचा दुसरा चष्मा ठेवता आला तर उत्तम. हेडबँडची पट्टी पोलादी असेल तर डोक्याहून थोड्या रुंद अशा दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर हेडसेट रात्रभर चढवून ठेवा, चिमटा सैल पडतो. प्लॅस्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग करू नका. ती कडकन मोडते.

पण खरं औषध गादीत आहे. खोल, मऊ गादी काडीला पोटात घेते. मेमरी फोम तर उबेने आणखी मऊ होतो, त्यामुळे पाच मिनिटांत तो काडीभोवती बसतो. (नासासाठी विमानातल्या बैठकींवर काम करताना १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी तो शोधला. बैठकीतून कानावर आला!) गादीचं आवरणही बघा. रेक्झिन हवा चांगली अडवतं, पण खाली घाम फुटतो. मखमली कापड थंड राहतं, काडीशी जुळवून घेतं, मात्र थोडा खर्ज झिरपू देतं. हायपरएक्स क्लाउड टू घेतला की खोक्यात दोन्ही तऱ्हेच्या गाद्या मिळायच्या. त्या बदलून ऐकल्या की एकाच ड्रायव्हरचे दोन स्वभाव दिसतात. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो पाठ बंद ठेवूनही मखमलीवरच भागवतो.

आणि आपली हवा! डोंबिवलीचा माझा भाचा एका पावसाळ्यानंतर विचारायला आला, “मामा, कानाला हे काळं काय लागतंय?” भिंतीचा रंग निघतो तसे त्याच्या गाद्यांचे पोपडे निघत होते. हे रेक्झिन बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. दमट हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतं, त्यात घामाची भर. हेडसेट ठणठणीत होता, पण त्या गाद्या सुट्या मिळेनात. शेवटी तो अख्खा टाकला. मखमलीला पोपडे नाहीत, पण ओली ठेवलीत तर बुरशी धरते. खेळून झालं की पंख्याखाली वाळवा.

गादीच्या या कटकटीतून सुटायची एक जुनी वाटही आहे. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा हेडफोन काढला, तेव्हा कानावर साध्या पिवळ्या स्पंजच्या चकत्या होत्या. पाठ उघडी, वजन दीडशे ग्रॅमच्या आत. त्या चकत्या गंमत म्हणून नव्हत्या. उघड्या पाठीचं हवाबंद खोलीवाचून तितकं अडत नाही. मग चष्मेवाल्याने उघड्या पाठीचाच हेडसेट का घेऊ नये? घ्यावा की. फक्त त्यातून आवाज बाहेर सांडतो, तेव्हा त्याच खोलीत मुलगा झोपलेला नसावा.

तेव्हा बाई, दुकानात जाताना चष्मा घालूनच जा. निदान वीस मिनिटं हेडसेट डोक्यावर राहू द्या, दुकानदार कंटाळला तरी चालेल. आणि किंमत विचारायच्या आधी हे विचारा : “याच्या गाद्या सुट्या मिळतात का?” उत्तराला जितका वेळ लागेल, तितका तो हेडसेट तुमच्याकडे कमी टिकेल.

माइक पुढच्या आठवड्यात. तोवर तळहाताचा प्रयोग करून खर्ज किती वाढला ते कळवा. मात्र पत्रं फार आली, तर माइकचं काही खरं नाही.