मेल परत का आला?

फायनल इयर संपलं की आपल्यापैकी बरेच जण मिरजोळे, लोटे नाहीतर पुण्याकडच्या एखाद्या छोट्या कंपनीत ट्रेनी म्हणून चिकटणार. "तू इंजिनीअर ना? मग बघ जरा, मेल का जात नाहीत!" हे वाक्य तिथे कधी ना कधी ऐकायला मिळतंच, मग तुमची ब्रँच मेकॅनिकल का असेना.

समजा एप्रिल महिना आहे. आंब्याचा पल्प बनवणाऱ्या कंपनीचं कोटेशन संध्याकाळपर्यंत मुंबईच्या गिऱ्हाईकाला पोचायलाच हवं. मेल पाठवला की दोन मिनिटांत परत! ऑफिसमधले काका तोच मेल दहा वेळा पाठवतात. काही उपयोग नाही, कारण तोच मेल त्याच कारणाने परत येणार. आणि ते कारण परत आलेल्या मेलमध्येच लिहिलेलं असतं. पोस्टमन पाकिटावर 'पत्ता अपुरा' असा शेरा मारतो ना, तसंच. पण इंग्लिशमधला तो गिचमिड मजकूर बघून लोक आधी डिलीट दाबतात.

त्यात तीन आकडी कोड शोधा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, आपला सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो. ५ ने सुरू होत असेल तर साफ नकार. पुढे ५.१.१ असेल तर त्या नावाची मेलबॉक्सच नाही, म्हणजे बहुतेक स्पेलिंग चुकलंय. ५.७ ने सुरू होत असेल तर मामला विश्वासाचा आहे. नकार कोणी दिला तेही बघा. 'रिले डिनाइड' असं आपल्याच सर्व्हरने म्हटलं असेल, तर घरून मेल पाठवणाऱ्या साहेबांच्या आउटलुकमध्ये बहुधा पासवर्ड देऊन पाठवण्याचं सेटिंग बंद आहे. ते चालू करून पोर्ट २५ ऐवजी ५८७ टाका, काम झालं.

खरी डोकेदुखी ५.७ चीच. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचं स्टँडर्ड लिहिलं, तेव्हा नेटवर्कवर थोडीच मंडळी होती. त्यामुळे एक सर्व्हर दुसऱ्याला 'हेलो' म्हणतो (स्पेलिंगमध्ये एल एकच, कमांड चार अक्षरी ठेवायची म्हणून; आमच्या कॉन्व्हेंटच्या टीचरनी लाल गोळा केला असता) आणि "मी अमुक" असं सांगतो, की दुसरा विश्वास ठेवतो. 'फ्रॉम'मध्ये कोणाचंही नाव घाला, चालायचं. स्पॅमवाल्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला, म्हणून आता समोरचा सर्व्हर आधी ओळखपत्र मागतो.

पहिली चौकशी आयपी ॲड्रेसची. लंडनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था वाईट आयपींच्या याद्या ठेवतात. कालपर्यंत मेल जात होते आणि आज सकाळपासून बऱ्याच ठिकाणाहून परत येतायत, तर पहिला संशय याचाच. गंमत म्हणजे दोष बरेचदा सर्व्हरचा नसतोच. अख्ख्या ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच असतो. अकाउंट्समधल्या एका पीसीत व्हायरस शिरतो, तो रात्रभर स्पॅम पाठवतो आणि नाव खराब होतं सगळ्यांचं. नाहीतर कोणीतरी पासवर्ड 'कंपनीचं नाव १२३' ठेवलेला असतो. म्हणून आधी सर्व्हरची क्यू बघा. हजारो अनोळखी मेल तुंबले असतील तर ते कोणत्या लॉगिनने गेले ते शोधा आणि त्याचा पासवर्ड बदला. क्यू स्वच्छ असेल तर फायरवॉलचा लॉग बघा, कोणता पीसी पोर्ट २५ वरून बाहेर जातोय? सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांना ते पोर्ट बंद करा. हे सगळं झाल्यावरच यादीतून नाव काढण्याचा अर्ज. बरेच जण उलटं करतात, आधी अर्ज, आणि चार तासांत पुन्हा यादीत!

दुसरी चौकशी डीएनएसची. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद हवी. ती आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला सांगून करून घ्यावी लागते. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. कंपनीने बिलं पाठवायला नवीन सॉफ्टवेअर घेतलं, पण यादीत घातलं नाही, की बिलं परत. कोणी हुशारीने दुसरी एसपीएफ नोंद टाकतो, तेही चुकीचं. डोमेनला नोंद एकच हवी, नाहीतर दोन्ही बाद. डीकेआयएम ही डिजिटल सही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या दोनपैकी किमान एक सर्वांना सक्तीचं केलंय, आणि दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्कसुद्धा.

आणि हो, साइझ. मेलमध्ये फाईल बेस-६४ मध्ये जाते, म्हणजे साधारण एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीचा कॅटलॉग २७ एमबीच्या आसपास जातो आणि २५ ची मर्यादा असलेला सर्व्हर तो घेत नाही. त्या काकांना पीडीएफ छोटी करायला सांगा.

दुरुस्ती झाली का हे बघायला कंपनीच्या आयडीवरून आपल्याच जीमेलवर एक मेल टाका आणि मेनूतलं 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिन्हींपुढे 'पास' दिसलं की कोटेशन पाठवायला हरकत नाही.