पडद्यावर पुसलेले, पानांत उरलेले

१९८६च्या सुमारास पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी पॉकेटबुक मिळाले. माल्कम हल्क यांचे ‘डॉक्टर हू अँड द केव्ह मॉन्स्टर्स’. बीबीसीच्या एका विज्ञानमालिकेतील कथेवरून लिहिलेली ही कादंबरी आहे, एवढे आतल्या पानावरून समजले. मालिका मी पाहिलेली नव्हती. पुस्तक मात्र दोन दिवसांत संपवले आणि जपून ठेवले. पुढे मालिकेच्या चाहत्यांची या पुस्तकांविषयीची मते जमतील तिथून वाचत गेलो. एकाच पुस्तकाला कोणी डोक्यावर घेत होते, तर कोणी ‘ही पटकथेची नक्कल’ म्हणून बाजूला सारत होते. दोन्ही मते प्रामाणिक होती. मग फरक कशाचा? माझ्या मते तो केवळ अभिरुचीचा नाही. वाचकाने पुस्तक कोणत्या परिस्थितीत वाचले आणि मूळ मालिका त्याला पाहायला मिळत होती की नाही, यावर त्याचे मत बरेच अवलंबून असते. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

आपल्याकडे कादंबरीवरून नाटक किंवा चित्रपट होतो आणि ‘मूळ पुस्तकाची सर नाही’ हे वाक्य ठरलेले असते. मालिकेवरून कादंबरी हा उलटा प्रवास. इथे पुस्तकच दुय्यम, नव्हे, विक्रीसाठी काढलेला जोडमाल समजले जाते. ‘डॉक्टर हू’च्या बाबतीत हा समज उलटला, त्याला कारण एक सरकारी छापाची काटकसर.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. त्या काळी व्हिडिओटेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. घरोघरी व्हिडिओ येईल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यामुळे एकदा दाखवलेला भाग सांभाळून ठेवण्यात संस्थेला अर्थ वाटला नाही. टेप पुसल्या गेल्या आणि परदेशी केंद्रांना विकण्यासाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही नष्ट होत राहिल्या. हा प्रकार १९७८पर्यंत चालला. पहिल्या सहा वर्षांतील २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत.

राहिली ती पुस्तके. डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ साली डालेकांच्या कथेवर पहिली कादंबरी लिहिली. १९७३मध्ये टार्गेट या प्रकाशनाने जुन्या तीन कादंबऱ्या पुन्हा छापल्या आणि मग नव्यांची रांग लागली. मालिकेचे पटकथा-संपादक राहिलेले टेरन्स डिक्स यांनी एकट्याने साठाहून अधिक पुस्तके लिहिली. ब्रिटनमधील एका पिढीसाठी हीच मालिकेची स्मरणवही होती. जन्माआधीचे भाग त्या मुलांनी पाहिले नाहीत, वाचले. त्यांच्या दृष्टीने पुस्तकाची मूळ मालिकेशी तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मूळ म्हणजे पुस्तकच.

आता दोन पुस्तकांचे नशीब पाहू.

पहिले हल्क यांचे, १९७४चे. मूळ कथा त्यांनीच लिहिलेली, १९७० साली सात भागांत दाखवलेली. डर्बीशायरमधील गुहांत अणुसंशोधन केंद्र आहे आणि त्याखाली कोट्यवधी वर्षे निद्रिस्त असलेली सरीसृपांची प्रगत जमात जागी होते. पृथ्वी आपली, माणूस नंतर आलेला, असा तिचा दावा. पडद्यावर या जमातीला नावे नाहीत. रबरी मुखवट्यांमुळे एकाला दुसऱ्यापासून ओळखणेही अवघड. हल्क यांनी कादंबरीची सुरुवातच सरीसृपांच्या बाजूने केली. ते झोपी का गेले, कशाची भीती होती, हे आधी सांगितले. त्यांना नावे दिली. वडीलधारा, समजुतीने घेणारा ओकडेल आणि माणसांचा नायनाट करू पाहणारा तरुण मोर्का यांचा झगडा आपण आतून पाहतो. शेवटी लष्कर सरीसृपांचा तळ उडवून देते तेव्हा वाचकाला विजय वाटत नाही. या पुस्तकाविषयी वाचकांचे मत मालिका उपलब्ध झाल्यावरही खाली आले नाही. पडद्याला न जमलेले काम पुस्तकाने केले होते.

दुसरे पुस्तक ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’, १९८१चे. लेखक इयन मार्टर, जे स्वतः या मालिकेत नट होते. १९६७-६८च्या या सहाभागी कथेचा फक्त तिसरा भाग शिल्लक होता. त्यामुळे चाहत्यांचे मत पुस्तक, ध्वनिमुद्रण आणि त्या एका भागावर बेतलेले. कथा बरी, फार विशेष नाही, असे सर्वसाधारण मत होते. २०१३मध्ये नायजेरियातून उरलेले पाच भाग सापडल्याची घोषणा झाली. पॅट्रिक ट्राउटन यांनी डॉक्टर आणि हुकूमशहा सॅलमँडर अशा दोन भूमिका केल्या होत्या. चाल, नजर, बोलणे सारे निराळे. ही गंमत कागदावर उतरणे कठीण. ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने २००९ आणि २०१४ साली वाचकांची मते मागवली, त्यांत ही कथा दुसऱ्या वेळी बरीच वर सरकली. पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. बदलला होता वाचकासमोरचा पुरावा.

म्हणजे जुनी मते चुकीची होती का? मला तसे वाटत नाही. हाती होते त्यावरून दिलेला तो कौल होता. अशा मताला निकाल मानण्याऐवजी साक्ष मानावे. साक्षीदाराला आपण ‘तू काय पाहिलेस’ याबरोबर ‘तू कुठे उभा होतास’ हेही विचारतो.

डिक्स यांच्याविषयीची नेहमीची तक्रारही याच कसोटीवर पाहावी. सुरुवातीची पुस्तके भरीव, नंतरची पटकथेला ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ जोडून केलेली, असे मोठेपणी म्हणणारे अनेक वाचक वाचनाची गोडी त्याच पुस्तकांनी लागल्याचे कबूल करतात. व्हिडिओ आल्यावर या पुस्तकांचे एक काम संपले, हेही खरे. मग कादंबऱ्यांनी नवी वाट धरली. १९९१पासून व्हर्जिन प्रकाशनाने मालिकेत नसलेल्या, प्रौढांसाठीच्या नव्या कथा काढल्या. काहींना त्या धीट वाटल्या, काहींना आपल्या बालपणावर अतिक्रमण. त्यांतली पॉल कॉर्नेल यांची १९९५ची ‘ह्यूमन नेचर’ २००७ साली खुद्द मालिकेत आली. जोडमालच मूळ ठरला.

या गोष्टीला आपल्या जवळचा एक धागा आहे. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी होते, त्याच काळात, १९६१ साली, हॉइल आणि जॉन एलियट यांची ‘ए फॉर अँड्रोमिडा’ ही सात भागांची मालिका बीबीसीवर झाली. अंतराळातून आलेल्या संदेशात संगणक बांधण्याच्या सूचना असतात, अशी ती कथा. १९६२मध्ये दोघांनी तिची कादंबरी केली. मालिकेतला आज एकच भाग पूर्ण उरला आहे. गुरूने दूरदर्शनसाठी रचलेली ही कथा शिष्याच्या मराठी वाचकाला सलग अनुभवायची, तर ती कादंबरीतच.

काही वर्षांपूर्वी मी अखेर १९७०ची ती सातभागी कथा पाहिली. मुखवटे हास्यास्पद वाटले, काही प्रसंग अजूनही अंगावर आले. ओकडेल मात्र मला चटकन सापडेना. शेवटी नामावली थांबवून वाचली. तिथे लिहिले होते, ‘वृद्ध सिल्युरियन’. त्याचे नाव फक्त माझ्या कपाटातल्या, पाने पिवळी पडलेल्या पुस्तकात होते.