ऑब्जेक्ट म्हणजे मेसचं कार्ड : ओओपी समजून घेताना

आजचा विषय ओओपी, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. एचटीएमएल, सीएसएस झालं, जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहिता येऊ लागलं, की इथे बरेच जण अडकतात. कारण सहसा एकच असतं. ओओपी शिकवताना आधी चार खांब पाठ करून घेतात: एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. मग उदाहरण येतं कुत्र्याचं. कुत्रा हा प्राणी आहे, तो भुंकतो. अहो, पण वेबसाइट बनवताना कुत्र्याला भुंकायला लावायची वेळ कितीदा येते?

त्यामुळे आज कुत्रा नको. मेस घेऊ.

महिन्याचे पैसे भरले की मेसवाल्या काकू ६० थाळ्यांचं कार्ड देतात. जेवलात की एक खूण. पाहुणा आणला तर दोन. आता याचं वेब अ‍ॅप करायचंय. नवखा माणूस काय करेल? ‘शिल्लक’ नावाचं व्हेरिएबल घेईल, त्यात ६० ठेवेल. काउंटरच्या पानावर त्यातून एक वजा. पाहुण्याच्या पानावर दोन वजा. मेस बंद होती त्या दिवसाची थाळी परत द्यायची, तिथे अधिक एक. चालतं की! अडचण तीन महिन्यांनी येते, जेव्हा एका मुलाची शिल्लक उणे दोन दिसते आणि दुसरा म्हणतो, ‘माझ्या चार थाळ्या गेल्या कुठे?’ पैसे भरलेत त्याने, विचारणारच. आता शोधा. शिल्लक बदलणारा कोड दहा ठिकाणी आहे आणि शून्य झालं का हे त्यातल्या सहाच ठिकाणी तपासलंय.

ओओपीचं म्हणणं इतकंच आहे: शिल्लक कार्डाकडे ठेवा आणि ती बदलायचा हक्कही कार्डालाच द्या. बाहेरच्या कोडने आकड्याला हात लावायचा नाही. त्याने कार्डाला फक्त सांगायचं, ‘एक थाळी घे.’ द्यायची की नाही, मुदत संपली का, शिल्लक आहे का, हे कार्ड बघेल. नियम एका जागी आले. उद्या रविवारच्या फीस्टला दोन थाळ्या धरायच्या ठरल्या, तर बदलही एकाच जागी.

हेच एन्कॅप्सुलेशन. माझ्या मते चारांपैकी पहिलं हे एकच नीट समजून घ्यावं, बाकीची मागून येतात.

शब्द आता पटकन लावून टाकू. कोऱ्या कार्डाचा नमुना म्हणजे क्लास. तुमच्या नावाचं भरलेलं कार्ड म्हणजे ऑब्जेक्ट. त्यावरचं नाव, शिल्लक, मुदत या प्रॉपर्टी. ‘थाळी घे’ ही मेथड. आणि मेसने अमर्याद जेवणाचं वेगळं कार्ड काढलं, तर त्यालाही ‘थाळी घे’ म्हणता यावं आणि त्याने आपल्या पद्धतीने उत्तर द्यावं. काउंटरच्या कोडला कार्ड कुठल्या प्रकारचं आहे हे विचारावं लागू नये. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात. नावाला घाबरू नका.

इन्हेरिटन्स तर तुम्ही रोज वापरताय. लॅपटॉपवर ब्राउझरचा कन्सोल उघडा आणि पानावरचं एखादं बटण तपासा. त्यावर क्लिक ऐकायची सोय ‘इव्हेंट टार्गेट’कडून आलेली असते. आतला मजकूर बदलायची ‘नोड’कडून, क्लासलिस्ट ‘एलिमेंट’कडून. बटणाने यातलं काहीच स्वतः कमावलेलं नाही, सगळं वडिलोपार्जित!

ही कल्पना नवी नाही. नॉर्वेत ओस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आणले. जावास्क्रिप्टची गोष्ट जरा वेगळी. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत केला, आणि त्यात ऑब्जेक्ट होते पण आपण म्हणतोय तसा क्लास नव्हता. एक ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो: ‘माझ्याकडे नाही, त्याला विचार.’ ज्याच्याकडे बोट दाखवलं तो प्रोटोटाइप. क्लास हा शब्द भाषेत वापरता यायला २०१५ उजाडलं, आणि आतून अजूनही प्रोटोटाइपच चालतो.

आता खरी खोच. ‘धिस’. मेथडमध्ये धिस म्हणजे ‘मी’, हे कार्ड. पण हा ‘मी’ कोण, हे साध्या मेथडमध्ये ती लिहिताना ठरत नाही, हाक मारताना ठरतं. बटणावर क्लिक झालं की चालवायला तुम्ही कार्डाची मेथड तशीच देऊन टाकली, तर हाक बटणामार्फत जाते आणि धिस होतं बटण! बटणाकडे शिल्लक कुठून असणार? ती ‘अनडिफाइन्ड’. मग ‘शिल्लक शून्य किंवा कमी असेल तर नकार दे’ ही तपासणी होते. अनडिफाइन्ड शून्यापेक्षा कमीही नाही आणि शून्याएवढंही नाही, त्यामुळे नकार मिळतच नाही. पुढे वजाबाकी होते, उत्तर ‘नॅन’ येतं आणि ते बटणावरच चिकटवलं जातं. लाल एरर नाही, काही नाही. थाळी दिली गेली, कार्डावर खूण नाही. काकूंचं नुकसान.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. एक, मेथड थेट देऊ नका. छोट्या अ‍ॅरो फंक्शनमध्ये ‘कार्ड, थाळी घे’ असं पूर्ण लिहा, म्हणजे हाक कार्डालाच जाईल. दोन, शिल्लकच्या नावाआधी # लावा. २०२२ पासून हे भाषेच्या अधिकृत नियमांत आहे. अशी प्रॉपर्टी क्लासबाहेरून वाचता येत नाही, आणि चुकीच्या ‘मी’ने मागितली तर गुपचूप नॅन न होता तिथेच एरर येते. लगेच आलेली एरर परवडते.

पण # म्हणजे कुलूप नव्हे बरं का. ब्राउझरमधला कोड वापरणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून पैशांचा खरा हिशोब सर्व्हरवरच ठेवायचा.

आणि प्रत्येक गोष्टीचा क्लासही करू नका. तारीख नीट लिहून दाखवायचीय? साधं फंक्शन पुरे. रिअ‍ॅक्टमध्येसुद्धा २०१९ मध्ये हुक्स आले आणि कंपोनंट बहुतेक जण फंक्शननेच लिहू लागले. मी स्वतःला एवढंच विचारतो: इथे जपायची अशी काही माहिती आहे का, जी कुणीही येऊन बदलली तर घोटाळा होईल? असेल तर क्लास.

आज रात्री मेसचं कार्ड लिहून बघा. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉपर्टीचं नाव देवनागरीत चालतं, ‘शिल्लक’ असंच लिहिलंत तरी धावेल. ऑफिसात मात्र करू नका, टीममधले बाकीचे वैतागतील. कार्ड झालं की फीस्टचा नियम घाला आणि मोजा, किती जागी बदल करावा लागला.