पाठ लागली, पण कुस्ती संपली नाही

कुस्तीचा निकाल आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. पाठ लागली की खेळ खलास! हलगी कडाडते, फेटे उडतात, जिंकणारा लोकांच्या खांद्यावर चढतो आणि हरणारा अंगावरची माती झटकीत गर्दीत दिसेनासा होतो. मग हरू नये म्हणून काय करायचे? पालथे पडायचे आणि मातीला मिठी मारायची. पोट जमिनीला आहे तोवर पैलवान जिवंत. १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्कोने गामापुढे हेच केले. कुस्ती अडीच तासांहून अधिक वेळ चालली आणि त्यातला बहुतेक वेळ ते प्रचंड धूड पालथेच पडून होते. त्या दिवशी निकाल लागला नाही. पुढचा दिवस ठरला, पण झ्बिस्को तिकडे फिरकलाच नाही. १८ वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळ्याला दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा मात्र गामाने मिनिटाच्या आत त्याला चीत केले.

हे पुराण लावण्याचे कारण असे की, नुकत्याच पाहिलेल्या एका खेळात मला सगळा मामला उलटा दिसला. तिथे पाठ लागली तर काही बिघडत नाही. पालथा पडला तो मात्र मेलाच म्हणून समजा. या खेळाचे नाव मिक्स्ड मार्शल आर्ट्स. तरुण मंडळी नुसते 'एमएमए' म्हणतात. ठोसे, लाथा, पट काढणे, हात पिळणे, गळा आवळणे, सारे एकाच लढतीत चालते. चावणे, डोळ्यांत बोट घालणे, डोक्याने धडक देणे, जांघेत लाथ मारणे असले प्रकार मात्र वर्ज्य. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे अशा सामन्यांचा एक मोठा फड झाला. तो जिंकला ब्राझीलच्या रॉइस ग्रेसीने. ८० किलोंच्या आसपासचा हा सडपातळ गडी एका रात्रीत तिघांना शरण आणून मोकळा झाला, आणि जमिनीवर पडून लढणे हीही एक विद्या आहे, हे जगाला कळले.

आमचा भाचा पुण्यात इंजिनिअर आहे आणि संध्याकाळी ही जमिनीवरची विद्या शिकतो. तो म्हणाला, "मामा, टीव्हीवर काय, कुणीही बघतं. खरा खेळ बघायचा तर तालुक्याच्या गावी बघा."

म्हणून गेलो. एरवी जिथे अक्षता पडतात त्या मंगल कार्यालयात जाळीचा अष्टकोनी पिंजरा उभा केला होता. लढती आठ. ध्वनिक्षेपकावरचा गृहस्थ प्रत्येक गड्याला 'वाघ' म्हणत होता. एवढे वाघ एका संध्याकाळी एखाद्या अभयारण्यातही दिसायचे नाहीत! प्रेक्षकांत मात्र घरची माणसे बरीच होती. आया, बहिणी, कडेवरची पोरे, आणि मागच्या रांगेत दोन-तीन फेटेवाले वस्ताद.

त्या वस्तादांपैकी एकाचा चेला तिसऱ्या लढतीत उतरला. मानेचा, खांद्याचा घाट पाहूनच तालमीतला गडी हे ओळखू येत होते. घंटा वाजताच त्याने दुहेरी पट असा सुरेख काढला की, सारे कार्यालय उठून उभे राहिले. समोरचा पोरगा पाठीवर आपटला. आमच्या हिशेबाने कुस्ती झाली! पण पंच ढिम्म. पाठीवरच्या पोराने दोन्ही पाय वर घेऊन पैलवानाच्या कमरेला विळखा घातला, एक हात धरला, कूस बदलली आणि पाहता पाहता पैलवानच खाली आला. आता काय करावे? जन्मभर जे घोटले तेच त्याने केले. झटकन पालथा झाला.

"संपलं, मामा," भाचा पुटपुटला.

आणि खरेच संपले. पाठीवर पडलेल्या माणसाला समोरचा दिसतो, त्याचे हातपाय मोकळे असतात. पालथ्याला काहीच दिसत नाही. वरचा सवारी भरतो, हनुवटीखालून हात सारतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. फास नीट बसला तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपते. पोराने तीनदा जमिनीवर थाप मारली. शरण! त्याच्या अंगात ताकद कमी नव्हती, धैर्य तर मुळीच कमी नव्हते. त्याला हरवले ते त्याच्या उत्तम सवयीने. आपल्याकडचे पैलवान इकडे वळू लागले आहेत, म्हणून हे नीट ध्यानात घ्यावे. २०१७ च्या नोव्हेंबरात शांघायला महाराष्ट्राचे खंडारे यूएफसी या जगातल्या सर्वांत मोठ्या आखाड्यात उतरले, तेही मूळचे कुस्तीगीरच. पहिल्याच फेरीत चीनच्या सोंग यादोंगने त्यांची मान काखेत आवळली. आपली कुस्ती मान द्यायला भीत नाही, कारण मातीत मान आवळून निकाल लागत नाही. इथे लागतो.

आता पाचव्या लढतीविषयी. ती न झाली असती तर बरे झाले असते. एका ठोसेबाजाचा ठरलेला जोडीदार आला नाही, म्हणून ऐनवेळी दुसरा पोरगा उभा केला. वजन काट्यावर बरोबर भरले. अनुभव भरला नाही. ठोसेबाजाच्या सात-आठ लढती झालेल्या, पोराची ही पहिलीच. पहिल्या ठोशाला त्याने डोळे मिटले आणि मग ते फारसे उघडलेच नाहीत. हातमोजे चार औंसांचे, म्हणजे साधारण ११३ ग्रॅमचे. मुष्टियुद्धातल्या गुबगुबीत मोज्यांपुढे ते नसल्यासारखेच. पंचाने लढत थांबवली, पण माझ्या मते तीन ठोसे उशिरा. पुढे कोपऱ्यात बसलेला तो पोरगा आपल्या गुरूला पुन्हा पुन्हा एकच विचारीत होता, "कितवी फेरी चालू आहे?" माझ्या पुढच्या रांगेतल्या एक बाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्या त्याच्या कोण, हे विचारण्याची मला छाती झाली नाही.

गावच्या मैदानात जोड लावताना काय करतात? कमिटीतली जुनी माणसे दोघांना शेजारी उभे करतात, दंड चाचपतात, कोणाच्या तालमीत किती वर्षे आहे ते विचारतात. जोड जमत नसेल तर म्हातारा वस्ताद सरळ सांगतो, "न्हाई, ही कुस्ती हुयाची न्हाई." त्याचा शब्द खाली पडत नाही. आमच्या त्या मंगल कार्यालयात दिवे होते, धूर होता, संगीत होते. 'न्हाई' म्हणणारा तेवढा नव्हता.

आता गोड घास. सहावी लढत दोन मुलींची, तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. एक उंच, लाथेची तरबेज. दुसरी ठेंगणी, ज्यूदो शिकलेली. पहिल्या फेरीत उंच मुलीने लाथांनी तिला जवळ येऊच दिले नाही. दुसरीत ठेंगणीने लाथ हवेतच झेलली आणि तिला खाली आणले. पण आणून नुसती धरून बसली. कष्टाने दार उघडावे आणि उंबऱ्यावरच बसून राहावे तसे झाले! तिसऱ्या फेरीत तिने आपली चूक सुधारली. खाली आणल्यावर बाजूला सरकली, छातीवर वजन टाकले आणि हात पिळायला घेतला. वरची घाई करीना, खालची घाबरीना. शेवटच्या घंटेला दोघी दमून एकमेकींना टेकल्या आणि हसल्या. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण आणि हरणाऱ्याला सहसा नऊ, असा हिशेब असतो. तीन परीक्षकांपैकी दोघांनी उंच मुलीला कौल दिला. मी तिथे बसलो असतो तर दुसरी आणि तिसरी फेरी ठेंगणीला दिली असती. असा दोनास एक निकाल मोठ्या आखाड्यातही लागतो. २०२४ च्या जूनमध्ये लुईव्हिल येथे मुझफ्फरनगरकडच्या पूजा तोमरने यूएफसीत भारताचा पहिला विजय मिळवला, तोही दोनास एक.

शेवटची लढत मानाच्या पट्ट्याची होती आणि तीच सर्वांत रटाळ झाली. दोघेही नावाजलेले, पण दुसऱ्या फेरीतच जाळीला टेकून उभे राहिले. भाच्याने कारण सांगितले. "दोघांनी दोन दिवसांत पाच-पाच किलो उतरवलंय, मामा. पाणी सोडून, गरम कपडे घालून, घाम काढून." तालमीत दूध, तूप, बदाम पोटात घालतात, इथे पाणीसुद्धा तोडतात! हलक्या गटात उतरून जरा लहान प्रतिस्पर्धी मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू. ही गंमत नव्हे. २०१५ च्या डिसेंबरात मनिला येथे चीनचा यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा तरुण अशाच वजन उतरवण्याच्या पायी लढतीच्या आधीच गेला. त्यानंतर 'वन चॅम्पियनशिप' या संस्थेने अंगातले पाणी काढून वजन उतरवण्याला बंदी घातली. लहान गावच्या मैदानांनी हा नियम आजच उचलावा. त्याला पैसा लागत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की, असले रानटी खेळ बंदच करावेत. मला तसे वाटत नाही. पाहण्यासारखे तिथे पुष्कळ होते. त्यातही एक गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे ती तीन वेळा मारलेली थाप. आपल्याकडे हार दुसऱ्याने करायची असते. इथे हरणारा स्वतः म्हणतो, 'पुरे', आणि त्याच क्षणी समोरच्याचे हात सुटतात. मग दोघे गळाभेट घेतात. थाप वेळेवर मारायला शिकवणारा गुरू भेटला, तर पोरगा पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहतो.

तेव्हा तुमच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी या खेळाचे नाव काढील, तर एकदम डोळे वटारू नका. चार गोष्टी विचारा. जोड कोण लावतो? डॉक्टर हजर असतो का? वजन कसे उतरवतात? आणि शिष्याला मार बसताना गुरू स्वतः लढत थांबवतो का? उत्तरे नीट मिळाली तर खुशाल पाठवा.

मैदान सुटल्यावर दारात त्या तिसऱ्या लढतीतला पैलवान मान खाली घालून उभा होता. फेटेवाले वस्ताद त्याच्या पाठीवर हात फिरवीत म्हणाले, "आता उताणं पडायला शिकायचं, लेका. उद्यापासून."